निकालाआधी शिक्षा नको!

मदतीचे आवाहन छापून घेण्यासाठी आमच्या कचेरीची पायरी चढणारी माणसे आम्हांस नवी नाहीत. कोणाचे घर आगीत गेलेले असते, कोणाचा कर्ता मुलगा अंथरुणास खिळलेला असतो. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या म्हणजे गाव धावून येईल, या भरवशावर ही मंडळी येतात आणि गावही बहुधा त्यांचा भरवसा खोटा ठरवीत नाही. गेल्या पावसाळ्यात असेच एक विणकर गृहस्थ आले. त्यांच्या पत्नीच्या डाव्या स्तनावर, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेस, बोराएवढी गाठ होती. तीन वर्षे ती तशीच होती. अलीकडे थोडी वाढली आणि तिच्यातून मधूनमधून पाण्यासारखा स्राव येऊ लागला, तेव्हा कुठे त्या माउलीने घरात तोंड उघडले. दूरच्या शहरातील एका रुग्णालयात सुई घालून पेशी तपासल्या गेल्या. अहवालात 'संशयास्पद' एवढा एक शब्द आला आणि त्या एका शब्दावर 'येत्या आठवड्यात संपूर्ण स्तन काढावा लागेल, पैशांची तजवीज करा' असा हुकूम सुटला. माग गहाण टाकण्याची बोलणी होऊन चुकली होती. उरलेल्या रकमेसाठी ते आमच्याकडे आले होते.

आवाहन आम्ही छापलेही असते; परंतु त्याआधी गावातील एका वयोवृद्ध शस्त्रवैद्यांना कागद दाखवावेत असे सुचले. त्यांनी कागदाआधी रोगी पाहिला. गाठ दोन बोटांत धरून हलवली, तेव्हा ती वरच्या कातडीबरोबर हलली; आतील स्तन जागचा हलला नाही. ते एवढेच म्हणाले, "संशय म्हणजे निकाल नव्हे. ही गाठ कोण आहे, ते आधी तिलाच विचारू." भोवतालच्या थोड्या कातडीसह ती गाठ त्यांनी अखंड काढली, प्रयोगशाळेत धाडली, आणि आठ दिवसांनी उत्तर आले: 'हिड्रॅडेनोमा', म्हणजे घामाच्या ग्रंथींच्या जातीचे एक सौम्य अर्बुद. कर्करोग नव्हे. ती बाई आज आपल्या घरी कांड्या भरीत बसलेली आहे. आवाहन छापण्याचा प्रसंग आला नाही. त्या कुटुंबाच्या संमतीने आणि त्यांची ओळख झाकून ही हकीकत आम्ही सांगत आहोत; कारण ती एका घराची असली तरी तिच्यातील धडा घरोघरचा आहे.

प्रथम मनात प्रश्न येतो तो असा, की घामाच्या ग्रंथीची गाठ स्तनात यावी कशी? शरीरशास्त्राचे उत्तर मोठे मार्मिक आहे. गर्भावस्थेत स्तन तयार होतो तोच मुळी बाहेरच्या त्वचेच्या थरातून. काखेपासून जांघेपर्यंत जाणाऱ्या एका रेषेवर त्वचेचा थर जाड होतो, त्यातील एक भाग आत उतरतो, त्याला फाटे फुटतात आणि दूधग्रंथी बनतात. म्हणून शास्त्रज्ञ स्तनाला घर्मग्रंथीचेच एक बदललेले रूप मानतात. दूधग्रंथी आणि घर्मग्रंथी या एका घरच्या बहिणी होत. तेव्हा एकीचा आजार दुसरीच्या अंगणात दिसला, अगर दोघींच्या आजारांच्या चेहऱ्यांत साम्य आढळले, तर त्यात नवल ते कोणते?

हिड्रॅडेनोमा ही गाठ बहुधा डोके, चेहरा, धड वा हातपाय यांवर आढळते. स्तनावर ती क्वचितच येते. एकटी असते, हळूहळू वाढते आणि त्वचेच्या थरात बसते. स्त्रियांप्रमाणे पुरुषांच्या छातीवरही ती आढळलेली आहे. पण क्वचित येते म्हणूनच ती फसवते. ज्याची ओळख नाही त्याला आपण ओळखीच्याच कोणाचे नाव देतो, आणि स्तनातील गाठीला वैद्यकाच्या ओळखीचे भयंकर नाव एकच आहे.

ती कशी फसवते ते पाहण्यासारखे आहे. हाताला ती टणक लागते. वरची कातडी कधी तांबूस वा निळसर होते, कधी तिच्यातून स्राव येतो. ही सारी लक्षणे कर्करोगातही दिसू शकतात. सोनोग्राफीत ती काही भरीव व काही पाण्याने भरलेली अशी दिसते आणि भरीव भागात रक्तप्रवाह आढळतो. पोकळीत वाढणाऱ्या एका जातीच्या स्तनकर्करोगाचे चित्रही याच जातीचे असते. बारीक सुईने पेशी ओढल्या तर दाट पुंजके मिळतात, पण त्या पुंजक्यांची मूळ रचना हरवलेली असते. भिंत पाडून विटांचा ढीग समोर ठेवला आणि हे देऊळ होते की धर्मशाळा असे विचारले, तर उत्तम गवंडीही अडखळेल. सुईने काढलेल्या पेशी म्हणजे तो विटांचा ढीग होय. तेथे 'संशयास्पद' हा शब्द लिहिणारा विकृतिशास्त्रज्ञ चुकला असे आम्ही म्हणणार नाही. 'मला निश्चित सांगता येत नाही, अधिक पुरावा द्या' एवढाच त्याच्या शब्दाचा अर्थ होता. चुकला तो, ज्याने त्या शब्दाचे फाशीच्या हुकुमात रूपांतर केले.

अखंड गाठ सूक्ष्मदर्शकाखाली आली की चित्र पालटते. त्वचेच्या थरात नीट सीमा असलेले गोळे दिसतात. त्यांत दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात: एक गुलाबी रंग घेणाऱ्या आणि दुसऱ्या स्वच्छ, जणू रिकाम्या दिसणाऱ्या. त्या रिकाम्या नसतात. ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्याने भरलेल्या असतात. मधूनमधून घर्मनलिकांसारख्या बारीक पोकळ्या आढळतात. गाठीच्या कडा भोवतालच्या भागात घुसलेल्या नसतात. तरीही शंका राहिली तर पी-६३, सीके-५/६ यांसारख्या प्रथिनांचा शोध घेणाऱ्या विशेष रंगचाचण्या मदतीस येतात. आता तर जनुकांपर्यंत तपास जातो. ११व्या व १९व्या गुणसूत्रांतील देवाणघेवाणीतून निर्माण होणारे एक जोडजनुक सुमारे निम्म्या हिड्रॅडेनोमांत सापडते. मात्र म्यूकोएपिडर्मॉइड नावाच्या कर्करोगातही तेच जोडजनुक आढळते. म्हणजे जनुकाची साक्षही एकटीने निर्णायक ठरत नाही! सारे पुरावे एकत्र मांडावे लागतात आणि मगच निकाल द्यावा लागतो.

या घराण्यात आणखीही फसव्या गाठी आहेत. स्तनाग्राच्या सिरिंगोमॅटस अॅडेनोमाचे वर्णन अमेरिकेतील रोझेन यांनी १९८३ साली केले. ही गाठ सौम्य, पण स्वभावाने आगाऊ. तिच्या बारीक नलिका स्तनाग्राच्या स्नायूंत शिरतात, म्हणून पाहणाऱ्याला कर्करोगच भासतो. तरी ती शरीरात अन्यत्र पसरत नाही. स्तनाग्राचा साधा अॅडेनोमा तर वरून जखम व खपली घेऊन येतो आणि सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली वर्णिलेल्या स्तनाग्राच्या कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतो. सिलिंड्रोमा नावाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली अॅडेनॉइड सिस्टिक कर्करोगासारखी दिसते. ही नावे पाठ करण्याची वाचकांस गरज नाही. कर्करोगाचा मुखवटा घातलेल्या गाठी अस्तित्वात आहेत, आणि मुखवटा काढण्याची साधनेही अस्तित्वात आहेत, इतके ध्यानी राहिले तरी पुरे. आपल्या वेदान्तात दोरीला साप समजणाऱ्याचा दृष्टान्त आहे. अंधारात दोरी पाहून माणूस घाबरला तर त्यास कोणी दोष देत नाही. परंतु हाताशी दिवा असताना तो न लावता काठी घेऊन धोपटत सुटला, तर त्यास काय म्हणावे?

हा दिवा न लावण्याचा इतिहासही जुना आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १८९४ साली त्यांनी आपल्या अनुभवाचा लेख प्रसिद्ध केला. पुढे १९०५ साली मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी ताजा तुकडा गोठवून मिनिटांत तपासण्याची पद्धत आणली. सोय झाली, पण त्या सोयीतून एक रीत पडली. बाई गुंगीत असतानाच तुकडा काढायचा, लगेच तपासायचा आणि संशय खरा ठरला की त्याच गुंगीत स्तन काढून टाकायचा. आपल्याला काय झाले आणि आपले काय गेले, हे तिला जागे झाल्यावर कळे! अनेक दशके या रीतीस कोणी हरकत घेतली नाही.

हरकत घेतली ती एका स्त्रीने, आणि आमच्याच धंद्यातील एका पत्रकार स्त्रीने. १९७४ साली रोझ कुश्नर यांना आपल्या स्तनात गाठ लागली. 'आधी केवळ तपासणी करा. निकाल मला जागेपणी कळू द्या. पुढचे मी ठरवीन' एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य करणारा शस्त्रवैद्य मिळविण्यासाठी त्यांस झगडावे लागले. त्यांची गाठ कर्करोगाचीच निघाली. पण आपली लढाई तेवढ्यावर न सोडता त्यांनी ग्रंथ लिहिला, सभा गाजविल्या, वैद्यांना प्रश्न विचारले. अखेर १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया बहुतेक प्रसंगी वेगवेगळ्या टप्प्यांत व्हाव्यात असा अभिप्राय दिला. चळवळीने काय साधते असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. आणि त्यातील मर्मही पाहावे: ज्यांची गाठ सौम्य निघते त्यांच्यापुरताच हा हक्क नाही. ज्यांची गाठ कर्करोगाची ठरते त्यांनाही निकाल ऐकण्याचा, विचार करण्याचा आणि संमती देण्याचा अधिकार आहे.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही लोकांना दिरंगाई शिकवीत आहात. आधीच आमच्या स्त्रिया गाठ लपवितात. त्यात 'प्रत्येक गाठ कर्करोग नसते' असे वर्तमानपत्रात वाचले तर त्या आणखी घरी बसतील. हा आक्षेप हलका नाही आणि आम्ही तो हलक्याने घेत नाही. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. लवकर तपासणीचे मोलही आपल्याच भूमीत सिद्ध झालेले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा सुमारे २० वर्षे मागोवा घेतला. शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. तेव्हा गाठ लागताच वैद्य गाठावा, यात दुमत असूच शकत नाही.

परंतु दिरंगाई कोठे होते, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? आमच्या विणकर भगिनीने तीन वर्षे गप्प बसून काढली. शस्त्रवैद्यांनी खात्री करून घेण्यास आठ दिवस लावले. ती तीन वर्षे धोक्याची होती. हे आठ दिवस शहाणपणाचे होते. लाजेपायी गेलेली वर्षे आणि पुराव्यासाठी दिलेला आठवडा यांस एकाच तागडीत तोलणे हा विवेक नव्हे. उलट आम्ही असे म्हणतो, की 'गाठ दाखविली की स्तन गेलाच' ही जी भीती घरोघरी बसली आहे, तीच स्त्रियांना गप्प बसविते. दाखविल्यावर नीट चौकशी होते, निष्कारण काही कापले जात नाही, असा विश्वास उत्पन्न झाला तर स्त्रिया तीन वर्षे थांबणार नाहीत, तीन दिवसांत येतील. अचूक निदान हे लवकर निदानाचे वैरी नसून त्याचे भांडवल आहे.

म्हणून या प्रश्नी आमच्या मागण्या आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो.

पहिली मागणी ही, की हात, चित्र आणि पेशी या तिन्ही साक्षी जुळल्यावाचून कोणताही स्तन काढला जाऊ नये. वैद्याची तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी यांत मेळ बसत नसेल, तर जाड सुईने तुकडा घ्यावा. तेवढ्यानेही उलगडा न झाल्यास गाठच अखंड काढून तपासावी. बारीक सुईच्या 'संशयास्पद' या एका शब्दावर अवयव गमावण्याची पाळी कोणावर येता कामा नये.

दुसरी मागणी प्रयोगशाळेस जाणाऱ्या कागदाविषयी आहे. ती दिसण्यास क्षुल्लक, पण परिणामाने मोठी आहे. विकृतिशास्त्रज्ञाला रुग्ण दिसत नाही. त्याला दिसतो फक्त तुकडा आणि त्यासोबतचा अर्ज. त्या अर्जावर 'स्तनातील गाठ' एवढे दोन शब्द खरडले, तर तो स्तनाच्या कर्करोगाचाच विचार आधी करणार. 'स्तनाग्राच्या वर्तुळालगत, कातडीस चिकटलेली, खालील स्तनापासून सुटी, तीन वर्षांची' असे लिहिले, तर घर्मग्रंथीचा विचार त्याच्या मनात पहिल्या मिनिटास येईल. सिरिंगोमॅटस अॅडेनोमा आणि स्तनाच्या आतील भागात होणारा एक मंदगती कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात, की गाठीची नेमकी जागा हाच त्यांच्यातील मोठा भेद ठरतो. मग ती जागा न लिहिणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बांधणेच होय. दोन ओळींची शाई वाचविण्यात कोणाचे हित आहे?

तिसरी मागणी तुकड्याच्या जपणुकीची. काढलेला भाग ताबडतोब पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये जावा. स्तनाच्या तुकड्यास ६ ते ७२ तास त्या द्रवात ठेवावे असा दंडक आहे. मिठाच्या पाण्यात वा कोरड्या बाटलीत दिवसभर एसटीने हिंडलेला तुकडा कोणाशीच खरे बोलत नाही. तपासणीनंतर पॅराफिनचे ठोकळे आणि काचपट्ट्या जपून ठेवाव्यात व मागताच रुग्णास मिळाव्यात. दुसरे मत घेणे हा पहिल्या वैद्याचा अपमान नव्हे. आणि त्यासाठी रुग्णाने दूर जावयास पाहिजे असेही नाही; काचपट्टी जाते, तेव्हा रुग्ण घरीच राहू शकतो. १८४२ च्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे पणजीचे महाविद्यालय आहे, १९६३ पासूनचे बेळगावचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईचे टाटा रुग्णालय आहे. १९४१ साली ते रुग्णालय उघडले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घेतली. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. सूक्ष्मदर्शकापाशी बसून निकाल देणारी ही विद्या आपल्याकडे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. तिचा उपयोग न करणे हे 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' असेच होय.

चौथी मागणी अशी, की संमतीच्या कागदावर अंगठा वा सही घेण्यापूर्वी त्यातील मजकूर रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितला जावा, आणि तो तिला सांगितला जावा. आमच्या समाजात अशी रीत आहे, की वैद्य नवऱ्याशी बोलतो, दीराशी बोलतो, गावच्या पुढाऱ्याशीही बोलतो. जिच्या अंगावर शस्त्र चालावयाचे, ती मात्र बाहेरच्या बाकावर पदराचे टोक चाळवीत बसलेली असते. 'संशयास्पद' या शब्दाचा अर्थ तिला सांगितला असता, तर 'मग खात्री करून घ्या' हे वाक्य तिने स्वतःच उच्चारले असते. त्यासाठी कोणा संपादकाच्या कचेरीची पायरी चढावी लागली नसती.

एक इशारा मात्र दिल्यावाचून राहवत नाही. सौम्य म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे असा अर्थ कोणी घेऊ नये. हिड्रॅडेनोमा अपुरा काढला तर पुन्हा उगवतो, आणि क्वचित प्रसंगी त्याचे रूप घातकही होते. म्हणून तो भोवतालच्या निरोगी कडेसह पूर्ण काढावा लागतो आणि पुढेही नजर ठेवावी लागते. मलम लावून, भस्म फासून वा 'चरबीची गाठ असेल' असे शेजारणीने सांगितले म्हणून त्यावर वर्षे घालविणे हाही अन्यायच. फक्त तो आपणच आपल्यावर केलेला असतो.

भगिनींनो, गाठ लागली तर लपवू नका. आणि दाखविल्यावर केवळ भयापोटी मान डोलावूही नका. तीन प्रश्न विचारा: ही गाठ कसली, हे कशावरून ठरले, आणि खात्रीसाठी आणखी काय करता येईल? हे प्रश्न विचारल्याने चांगल्या वैद्याचा मान कमी होत नाही. त्याचे काम सोपे होते. आणि वैद्यमित्रांनो, आपल्या हातातील शस्त्रावर समाजाने विश्वास टाकलेला आहे. चोरालाही आरोप सिद्ध झाल्यावाचून शिक्षा होत नाही, हा आपल्या राज्यव्यवस्थेचा नियम. जिने कोणाचे काही चोरले नाही, अशा आपल्या आईबहिणींना त्याहून कमी न्याय मिळावा काय?

विणकर गृहस्थ परवा पुन्हा कचेरीत आले होते. मागाचा व्यवहार मोडला, माग घरातच राहिला, हे सांगण्यास ते आले होते. आवाहनासाठी त्यांनी दिलेला पत्नीचा फोटो आमच्या टेबलाच्या खणात तसाच पडून होता. तो आम्ही त्यांना परत दिला.